फोनसोबत आलेला कॅमेरा

फोनात टॉर्च असताना टॉर्चचं वेगळं ॲप लोक कायले टाकतात, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही. वरून बोट ओढलं की टॉर्च. शेंबड्या पोराला समजतं. तरी माझ्या दुकानात येणाऱ्या दर तिसऱ्या फोनात एक टॉर्चचं ॲप असतंच, आणि ते लावलं की उजेड पडायच्या आधी कसल्यातरी केसांच्या तेलाची जाहिरात पडते. म्हणजे वाटेत साप निघाला तर माणसानं आधी तेल पाहायचं आणि मग साप.

माझं दुकान तिरोड्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म, सातबारा, रिचार्ज. फोन दुरुस्त करणं माझं काम नाही, तशी पाटीही नाही. पण ऐकतो कोण. "भाऊ, फोन हँग होऊन राहिला," म्हणत लोक फोन काउंटरवर ठेवतात आणि बाकावर बसून घेतात. मी उघडून पाहतो तर आत आठवडी बाजार. फोन साफ करणारं एक ॲप, त्यानं केलेली घाण साफ करणारं दुसरं, बॅटरी वाचवतो म्हणत बॅटरी खाणारं तिसरं. दोन कॅलेंडरं, तीन कॅमेरे, आणि चेहरा गोरा करणारं काहीतरी, जे वापरणारा गडी साठीचा. हे कोणी टाकलं म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: "मले नाई माहीत, आपोआप आलं." आपोआप फक्त गाजरगवत येतं.

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत. माझा एकच नियम होता आणि तो मी सगळ्यांना फुकटात ऐकवत असे. फोनसोबत आलं ते घरचं, बाहेरून टाकलं ते पाव्हणं. पाव्हण्याला ओसरीवर बसवावं, चहा पाजावा, वाटेला लावावं. त्याला घराच्या चाव्या देऊ नये. फोनचा स्वतःचा कॅमेरा आहे, स्वतःचं घड्याळ आहे, स्वतःचं कॅलेंडर आहे, ते बनवणारे काय येडे होते? लोक माना हलवायचे. माझ्यासमोर सगळं काढून घ्यायचे आणि आठ दिवसांनी नवीन काहीतरी टाकून परत त्याच बाकावर येऊन बसायचे.

सगळ्यात जास्त डोकं माझं एका ॲपनं फिरायचं, ते म्हणजे जीपीएसवाला कॅमेरा. खेड्यात राहणाऱ्याला हे प्रकरण सांगायला नको. त्यातून फोटो काढला की खाली काळी पट्टी येते. पट्टीत गावाचं नाव, तालुका, जिल्हा, अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ, आणि कोपऱ्यात इवलासा नकाशा. घरकुलाचा पाया खोदला, पट्टीवाला फोटो आणा. संडास बांधला, पट्टीवाला आणा. झाड लावलं, विहीर खोदली, शाळेत खिचडी शिजली, आणा पट्टीवाला. साध्या फोटोवर कोणाचा विश्वास नाही. समोर माणूस जिवंत उभा आहे, त्याच्यामागं त्याचं घर उभं आहे, पण खाली पट्टी नाही म्हणजे दोघंही नाहीत. बरं, ते ॲप फुकटाचं, म्हणून दर फोटोला जाहिरात. एकदा एका म्हाताऱ्याला अर्धवट भिंतीजवळ उन्हात उभं करून मी जाहिरात संपायची वाट पाहिली आहे. तो मला म्हणाला, "होऊन राहिलं का तुयं?"

आणि सवय कशी लागते पाहा. सरकारी कामापुरतं टाकलेलं ॲप, पण लोक त्यातूनच सगळे फोटो काढायला लागले. बारशाला पट्टी, हळदीला पट्टी. एका बाईनं सासूचा फोटो आणला, तेरवीसाठी मोठा करून फ्रेम करायचा होता. म्हातारीच्या पदराखाली अक्षांश-रेखांश. मी म्हटलं, ही पट्टी कापतो. तर म्हणते, "राहू द्या भाऊ, तेवढंच पक्कं वाटते."

अशा सगळ्या तापात एक दिवस काकाजी दुकानात आले. काकाजी माझ्या नात्यातले नाहीत, अख्खं गाव त्यांना काकाजीच म्हणतं. सत्तरीच्या पुढचे, काठीसारखे सरळ, आणि बोलणं मोजकं. त्यांचं धानाचं शेत गावाबाहेरच्या बोडीला लागून आहे. बोडी म्हणजे आमच्याकडचा छोटा तलाव. पावसाळ्यात सारसाची जोडी तिथं येते. सारस आमच्या जिल्ह्याची शान वगैरे आहे, वर्षाकाठी माणसं येऊन ते मोजतात, शाळेच्या भिंतीवर त्याचं चित्र आहे. काकाजींना त्यातलं काही नव्हतं. त्यांच्यासाठी ती त्यांच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, येणारी जोडी होती. ज्या बांधीत ती गवताचा ढीग रचून घरटं करायची, तेवढी बांधी काकाजी रोवणीतून सोडून द्यायचे. रोवणीच्या बायका बाकीच्या बांध्या रोवायच्या आणि त्या एका बांधीला लांबून वळसा घालायच्या. कोणी त्यांना सांगायला लागत नव्हतं.

पण तीन वर्षं झाली, त्या घरट्यातून पिल्लू काही निघालं नव्हतं. एका वर्षी पाणी चढलं. एका वर्षी कुत्र्यांनी अंडी खाल्ली. तिसऱ्या वर्षी कशानं गेली ते समजलंच नाही. काकाजींच्या मनाला ते फार लागलं होतं. त्या साली त्यांनी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, घरट्यापासून बऱ्यापैकी लांब, चार बांबू रोवून मांडव घातला आणि दिवसभर तिथंच बसायला लागले. कुत्रं दिसलं की डबा वाजवायचा. जेवण घरून यायचं. पिल्लू पाहायचं एवढाच त्यांचा हट्ट होता.

"बाबू," ते काउंटरला टेकून हळूच म्हणाले, "अंडं एक आहे का दोन, तेवढं पाहून दे. माये डोळे पुरत नाई आता. जवळ गेलो त ते उठून जाईन. तुया फोनात दूरचं दिसते म्हनतेत."

मी म्हटलं, दिसते की. उद्या सकाळी येतो.

"अन् कोनाले सांगू नोको. लोकं आले का गेलं समज."

"नाही सांगत काकाजी," मी म्हणालो. शपथ घेतली नाही, पण शब्द दिला तो दिलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धुऱ्यावरून मांडवापर्यंत गेलो. एक सारस घरट्यावर बसलेला, दुसरा जरा लांब पाण्यात उभा. काकाजींनी कमरेच्या पिशवीतून स्वतःचा फोन काढला आणि माझ्यापुढं धरला. म्हणाले याच्यातून काढ, याचा फोटो पक्का निघतो. पाहतो तर काय, तोच जीपीएसवाला कॅमेरा. त्यांच्या मुलाच्या घरकुलासाठी कोणीतरी टाकून दिला होता आणि तो तिथंच तळ ठोकून बसला होता.

माझं डोकंच सटकलं. तिथं धुऱ्यावर, पाखरं समोर बसलेली असताना, मी दबक्या आवाजात काकाजींना पूर्ण भाषण दिलं. की ही दवंडी आहे दवंडी. यातून फोटो काढला की खाली गाव छापून येतं, नकाशा छापून येतो, तो फोटो चुकून कोणाच्या हाती गेला तर तो थेट तुमच्या बांधीत येऊन उभा राहील. घरकुल झालं ना बांधून? मग हे कायले ठेवलं? आणि त्यांच्यादेखत ते ॲप काढून टाकलं. मग आपला फोन काढला, छाती काढून म्हणालो, हा पाहा, फोनसोबत आलेला कॅमेरा. नुसता फोटो काढतो. ना गाव, ना पत्ता, ना जाहिरात.

काकाजींना त्यातलं किती समजलं कोण जाणे. "तू म्हनशीन तसं," एवढंच म्हणाले.

थोड्या वेळानं बसलेला सारस उठला, मान खाली घालून चोचीनं काहीतरी फिरवायला लागला. मी फोन होईल तेवढा झूम केला आणि पाच-सहा फोटो काढले. दोन अंडी. स्पष्ट दिसत होती. काकाजींनी फोन नाकाला लागेल इतका जवळ धरला, मग लांब धरला, मग परत जवळ. "दोन आहे," ते म्हणाले. परत म्हणाले, "दोन आहे ना गा." खिशातून फुटाणे काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवले आणि अजून पंधरा-वीस दिवस, असं स्वतःशीच म्हणत मांडवात जाऊन बसले.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. इथं मी थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

पण त्यातला एक फोटो फार सुंदर निघाला. पाण्यावर धुकं, उभ्या पाखराची मान वळलेली, घरट्यात दोन अंडी, मागं धानाचं हिरवं. मी आयुष्यभर पांढऱ्या पडद्यापुढं माणसं बसवून हनुवटी वर करा, कान दिसू द्या म्हणत आलो. माझ्या हातून पहिल्यांदा पाहण्यासारखा फोटो निघाला होता, आणि तो कोणाला दाखवायचा नाही म्हणजे काय? दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी फोटोचा कागद आणायला गोंदियाला गेलो आणि ज्याच्याकडून कागद घेतो त्या दुकानदाराला दाखवला. तो रविवारी मोठा कॅमेरा गळ्यात घालून पाखरं टिपत हिंडतो, हे मला चांगलं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच दाखवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"क्या बात है भैया, कहाँ का है?" तो म्हणाला.

"ते नाही सांगणार."

"मत बताओ. फोटो तो दे दो, मस्त बडा प्रिंट निकालके देता हूँ. पर डॉक्युमेंट करके भेजना, ऐसे भेजोगे तो फट जाता है."

मी त्याच्यासमोर उभा राहून फोटो नीट तपासला. चार वेळा तपासला. पट्टी नाही, गाव नाही, ओळखू येईल असं झाड नाही, खांब नाही. मनात म्हटलं, काढ आता शोधून. आणि त्यानं सांगितलं तसा पाठवून दिला. बसमध्ये परत येताना मी खूश होतो. भिंतीवर कुठं लावायचा तेही ठरवून झालं होतं.

रविवारी सकाळी दुकानाचं शटर वर करत होतो तर दूधवाला थांबून म्हणाला, "बोडीवर गाड्या काऊन उभ्या आहे गा?" मी शटर तसंच खाली ओढलं आणि गाडीला किक मारली.

तीन मोठ्या गाड्या होत्या. सात-आठ माणसं, हातभर लांबीच्या लेन्सा. दोघं धुऱ्यावर आडवे झालेले, आणि एक जण पॅन्ट दुमडून सरळ बांधीत उतरलेला. दोन्ही सारस बोडीच्या पार पलीकडं जाऊन उभे होते आणि ओरडत होते. तो आवाज फार लांबवर जातो. काकाजी मांडवातून निघून चिखलातून घरट्याकडं पळत होते. त्या वयाचा माणूस गुडघाभर चिखलात पळतो ते पाहवत नाही. एकदा पडले, उठले, खांद्यावरचा दुपट्टा हवेत फिरवत परत पळाले. कावळे घरट्यावर उतरले होते. पाखरं उठली की कावळ्यांना वेळ लागत नाही. काकाजी पोचले तोवर उशीर झाला होता.

मी त्या दुकानदाराची कॉलरच धरली. तो त्यांच्यातच होता. तो पण घाबरला होता, खोटं कशाला बोलू. "अंडों का ऐसा होगा क्या मालूम था भैया, हम तो दूर से ही..." आणि मग म्हणाला, "और आपने ही तो भेजा. फोटो में ही था."

फोटोत काय होतं? त्यानं फोन काढला, माझाच फोटो उघडला आणि त्यावर खालून वर बोट ओढलं. फोटो वर सरकला. खाली तारीख, वेळ, माझ्या फोनचं मॉडेल, आणि त्याखाली नकाशा. नकाशात बोडी, आणि बोडीच्या काठाला लाल टिकली. अगदी मांडवावर. एक हात इकडं नाही की तिकडं नाही.

नंतर घरी येऊन मी फोनाची सगळी सेटिंग उपसली. फोन घेतला त्या दिवशी कॅमेरा पहिल्यांदा उघडला तेव्हा त्यानं काहीतरी विचारलं असणार, आणि मी बाकीच्यांसारखंच न वाचता हो म्हटलं असणार. मी. जो गावाला हो म्हणायच्या आधी वाचत जा म्हणून बोंबलून सांगतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. दोन वर्षं तो घरचा म्हणवणारा कॅमेरा माझ्या प्रत्येक फोटोच्या पोटात गाव-पत्ता लिहून ठेवत होता, आणि फोटोवर चकार शब्द नाही. साधा पाठवला असता तर ते वाटेतच गळालं असतं, डॉक्युमेंट करून पाठवला म्हणून पोटातलं सगळं जसंच्या तसं गेलं. तो जीपीएसवाला भिकारडा निदान तोंडावर छापून दाखवत तरी होता. त्याची पट्टी दिसली असती तर मी तो फोटो कोणाला दिला असता का? मला राग कशाचा जास्त आला ते ठरवता येत नाही. कॅमेऱ्याचा, त्या दुकानदाराचा, का धुऱ्यावर दिलेल्या त्या भाषणाचा.

पण हे घरी आल्यावरचं. तिथं बोडीवर गाड्या निघून गेल्या आणि मी आणि काकाजी दोघंच राहिलो. ते धुऱ्यावर बसून पायाचा चिखल गवतानं पुसत होते. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि सांगायला लागलो. की काकाजी, मी जागा सांगितली नाही. मी तोंडातून गावाचं नाव काढलं नाही. फोटोच्या आत ते आपोआप लिहिलं जातं, मला माहीत नव्हतं, सेटिंग असते, ती चालू होती. मी बोलतच होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मले ते समजत नाई, बाबू," ते म्हणाले. "तू मले एवढं सांग. फोटो तुनं देल्ला का फोननं?"

मी म्हणालो, मी दिला.

"मंग झालं," ते म्हणाले आणि मांडवाचे बांबू उपटायला उठले. मी हात लावायला गेलो तर म्हणाले, राहू दे, दुकान उघडं टाकून आला असशीन.

त्यानंतर काकाजी माझ्या दुकानात आले नाहीत. भांडण नाही, रस्त्यात भेटले की "बरं आहे ना?" म्हणायचे. पण सातबारा काढायला, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला ते बसमध्ये बसून तिरोड्याला जायला लागले. माझं दुकान त्यांच्या घरापासून हाकेवर आहे. मला ते बोचायचं. मी लोकांना भाषण देणं सोडलं. कोणी विचारलं की भाऊ, कोणता कॅमेरा चांगला, घरचा का बाहेरचा, तर म्हणायचो, ज्यातून न काढलेला बरा तो.

पुढचं वर्ष गेलं. पावसाळा आला आणि गेला. रोवणी झाली, निंदण झालं, धान कापून झाला. बोडीकडं मी पाय टाकला नाही, लाज वाटायची. सारस आले का, असं कोणाला विचारलंही नाही. त्या घरट्यानंतर जोडी परत तिथं यायची नाही, असं मी धरून चाललो होतो, आणि तो धोंडा आपल्याच गळ्यात बांधून हिंडत होतो.

कापणी झाल्यावर एका दुपारी मी जेवायला घरी आलो. अंगणात माझी बायको आणि शेजारच्या वहिनी लाखोळीची भाजी निवडत बसल्या होत्या. मी मोरीत हात धुवत होतो. वहिनी म्हणाल्या, "आता त पिल्लू चांगलं उडून राहिलं व. काल बोडीच्या पार गेलं मायबापासंगं."

मी तसाच ओल्या हातानं बाहेर आलो. कोणतं पिल्लू?

वहिनींनी भाजी परातीत लोटली, घरी दूध ठेवलंय म्हणाल्या आणि निघून गेल्या. बायको मान खाली घालून देठ खुडत बसली. मी परत विचारलं तेव्हा तिनं सांगितलं. जोडी आली होती. त्याच बांधीत. दोन अंडी होती, एक फुकट गेलं, एकातून पिल्लू निघालं. रोवणीच्या सगळ्या बायकांना माहीत होतं, ती पण रोवणीला होतीच. दूधवाल्याला माहीत होतं. शाळेच्या मास्तरांना माहीत होतं. काकाजींनी मांडवही घातला नव्हता, कोणाला शंका नको म्हणून. गावातली माणसं पाळीपाळीनं धुऱ्यावर गवत कापायच्या निमित्तानं बसत होती. आषाढापासून चार महिने अख्खं गाव एक गोष्ट पोटात ठेवून माझ्या दुकानात येत होतं, झेरॉक्स काढत होतं, फोन हँग झाला म्हणत बाकावर बसत होतं, आणि कोणी तोंड उघडलं नव्हतं. एकाच घरात, एकाच ताटात जेवणारी माझी बायकोसुद्धा.

"मला काऊन नाही सांगितलं?" मी म्हणालो.

तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. रागानं नाही. "काकाजीनं कोनाले मना नाई केलं," ती म्हणाली. "कोनी कोनाले काहीच नाई म्हटलं. पन तुमाले सांगतलं असतं त तुमी फोटो काढला असता."

"नसता काढला," मी म्हणालो. "एवढं होऊन? मी काय येडा आहे?"

ती माझ्या उजव्या हाताकडं पाहत होती. मीही पाहिलं. ओला हात तसाच खिशात गेला होता आणि फोन अर्धा बाहेर आला होता.